बोटभर ढिली जाळी

मी आयुष्यात एकदाच खोटं बोललोय, आणि ते म्हणजे हे वाक्य. ते आता उरकून टाकलंय, तेव्हा पुढचं बिनघोर वाचा.

लातूरच्या एमआयडीसीत आमच्या गल्लीला एक डाळमिल आहे. तिथं भिजवलेली तूर वाळवायला गरम वारा लागतो आणि तो वारा तापवायला कोळशाची एक भट्टी आहे. मे महिन्यात बाहेरच्या उन्हानं जीव नकोसा झाला की आम्ही गारव्याला या भट्टीपुढं जाऊन बसतो, यावरून लातूरचं ऊन काय चीज आहे ते ओळखा.

या भट्टीपुढं तीस वर्षं एक माणूस उभा आहे. निलंग्याकडच्या एका खेड्यातला. हमाल त्यांना मामा म्हणतात, मुकादम मामा म्हणतो, वयानं मोठे असलेले शेठही मामाच म्हणतात, त्यामुळं ते नक्की कुणाचे मामा हा प्रश्न कधी निघालाच नाही. त्यांच्या भुवया शेवटच्या कधी होत्या ते फक्त मामींना आठवत असेल. धुराचा रंग बघून कोळसा ओला आहे की सुका हे कुणीही सांगेल; मामा तो भरणाऱ्या माणसानं सकाळी बायकोशी भांडण केलं होतं का हेसुद्धा सांगायचे. मी दोनदा पडताळून पाहिलंय. दोन्ही वेळा भांडण झालेलं होतं.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप मिलच्या समोर. गेटं, शेड, खिडक्यांच्या ग्रिल, आणि मिलमधलं जे मोडेल ते. मामा मला मिस्तरी म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं येऊन बसायचे आणि मी जे सांगेन ते ऐकून घ्यायचे. इतकं मन लावून ऐकणारा माणूस आमच्या घरातही नाही.

तर एका दुपारी मामांनी तंबाखूची चंची सोडली आणि ती डाव्या हातानं सोडली. मी विचारलं, उजव्याला काय झालं? म्हणाले, खांदा रुसलाय.

आता हा खांदा कशानं रुसला ते सांगायला पाहिजे. भट्टीत कोळसा ज्या लोखंडी पट्ट्यांवर पेटतो, ती जाळी. निखारे वर राहावेत, राख खाली पडावी आणि खालून वर वारा जावा, एवढंच तिचं काम. पण आमच्याकडं येणाऱ्या कोळशात कोळसा कमी आणि माती फार. ती माती आगीत वितळते, एकमेकीला धरते आणि जाळीवर तिचा दगड होतो. त्याला आम्ही खंगर म्हणतो. खंगर बसलं की वारा कोंडतो, आग मरगळते, तूर दमट राहते आणि टरफल सोडत नाही. मग आठ फुटी गज आत घालायचा आणि ठोकून ठोकून ते फोडायचं. मामांनी तीस वर्षांत फोडलेलं खंगर एका जागी टाकलं असतं तर औशाच्या किल्ल्याला शेजार मिळाला असता.

खांदा गेला, म्हणजे गज गेला. गज गेला, म्हणजे मामा गेले. कारण छोटे शेठ, म्हणजे शेठांचे चिरंजीव, नुकतेच पुण्याहून शिकून आले होते आणि त्यांच्या फोनमध्ये एका यंत्राचा व्हिडिओ होता. भुशाच्या कांड्या आपोआप आत जातात, राख आपोआप बाहेर येते, माणूस लागत नाही. हा व्हिडिओ त्यांनी मिलमध्ये सगळ्यांना दाखवला, मामांनाही दाखवला. मनात वाईट काही नव्हतं. मामांच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले होते की नवी तूर यायच्या आत हे लावून टाकू, आणि तुम्ही मस्त गेटवर खुर्ची टाकून बसा, गाड्यांचे नंबर लिहा, आराम करा.

मामांनी मला हे सांगितलं आणि चंचीची गाठ मारली. म्हणाले, "मिस्तरी, तीस वर्षं इस्तवाशी बोललो. आता ट्रकच्या पाठीशी काय बोलू?"

मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी छाती काढून सांगितलं की मामा, जाळीच अशी करून देतो की गजाला गंज चढेल.

पहिला प्रयोग मी एका रविवारी केला. डोकं चालवलं ते असं: खंगर खाली पडत नाही कारण फटी बारीक आहेत, म्हणजे फटी मोठ्या करा. आग एका कडेला ओढून जाळीतली दर तिसरी पट्टी काढून टाकली. खंगर पडायला लागलं, यात वादच नाही. त्याच्याबरोबर कोळसाही पडायला लागला, चांगला पेटता, निम्मासुद्धा न जळलेला. राखेच्या खड्ड्यातून तो बाहेर जायचा आणि समोरचा चहावाला पाटीभर घेऊन जायचा. त्या आठवड्यात त्यानं शेगडीला एक खडा विकत घेतला नाही. मला मात्र तो आपण होऊन चहात आलं जास्त घालून द्यायला लागला, तेव्हा शेठांना संशय आला आणि पट्ट्या परत बसल्या.

मग मी खरा विचार केला. पट्टी वरून रुंद आणि खालून निमुळती पाहिजे. म्हणजे खडा एकदा फटीत शिरला की खाली जागा वाढतच जाणार, त्याला अडकायला मिळणार नाही. आणि सगळ्या पट्ट्या दोन्ही टोकांना खुंट्यांवर टेकवून, खालून एका सळईनं एकमेकींना जोडून, बाहेर एक दांडा काढायचा. दांडा थोडा हलवला की पट्ट्या डुलल्या पाहिजेत आणि खंगर कोवळं असतानाच मोडून खाली गेलं पाहिजे. दांडा फार हलला तर पट्ट्या पार उलट्या होतील आणि सगळी आगच खड्ड्यात जाईल. म्हणून तो ठरावीक जागी अडावा यासाठी अंगठ्याएवढी एक पिन. हे काम डावा हातही करेल. मी मामांना कागदावर काढून दाखवलं. ते कागद बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो सरळ करून घेतला, कारण मी तो उलटा धरला होता.

असं ओतकाम लातुरात कुणी धरेना. नांदेडला माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, त्यांचा ओतकामाचा छोटा कारखाना. मी पट्टीचा सागवानी नमुना रंधून काढला आणि एसटीत मांडीवर घेऊन निघालो. कंडक्टरनं नमुन्याकडं बघून हाफ तिकीट का असं विचारलं. अहमदपूरला शेजारी एक पोरगेला माणूस बसला, त्याला ती बॅट वाटली. कुठल्या टीमकडून खेळता, म्हणाला. मी म्हटलं, आमच्या खेळात चेंडू पेटलेला असतो. तो लोह्यापर्यंत उभ्यानं आला.

चाचांनी नमुना हातात घेतला, फिरवला, डोळ्याला लावून त्याची धार बघितली. एवढी चांगली पट्टी बऱ्याच दिवसांत बघितली नाही म्हणाले. मग चौकटीचं माप विचारलं. मी सांगितलं आणि अभिमानानं जोडलं की पट्टी चौकटीत अशी बसणार की सुई शिरणार नाही. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"उस्ताद, लोहे को पाँव पसारने की जगा रखो."

मी हसलो. कारण त्यांना माझं घराणं माहीत नव्हतं.

आमचं गाव देवणीजवळ. तिथले बैल देशभर नावाजलेले, आणि त्या बैलांमागच्या गाड्यांची चाकं माझ्या वडिलांच्या हातची. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणं हे आमच्या घरचं काम. गोवऱ्यांचं रिंगण पेटवायचं, त्यात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. चाक असं किंचाळायचं की दोन गावं पलीकडच्या म्हशी दूध द्यायच्या थांबायच्या. सगळं निवलं की वडील आईची सुई मागून घ्यायचे आणि लाकूड नि लोखंड यांच्यामध्ये ती घालून बघायचे. माझ्या माहितीत ती कधी आत गेली नाही. त्यांच्या धावेवर गाड्या झिजल्या, बैल म्हातारे झाले, धाव हलली नाही. अशा बापाच्या पोराला चाचा ढिलं बसवायला सांगत होते.

भट्टी वर्षातून दोनदाच थंड पडते, दिवाळीला आणि पुढं मार्गशीर्षात येणाऱ्या येळवशीच्या सणाला. दिवाळीच्या पाडव्याला मी आणि मामांनी जुनी जाळी काढून नवी बसवली. मी घरून सुई नेली होती. मामांच्या देखत प्रत्येक पट्टीच्या टोकाशी लावून दाखवली. कुठंच शिरली नाही. दांडा हलवला की सगळ्या पट्ट्या एका तालात डुलायच्या. मामांनी दांड्याला हळद-कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. तासाभरात आत टण्ण असा आवाज झाला. मग दुसरा. दांडा हलेना. मी जोर लावला, मामांनी डावा खांदा लावला, एक हमाल आला आणि तिघं त्याला लोंबकळलो. मी दारातून आत डोकावलो तर जाळी मधूनच फुगून वर आलेली, कुत्रं दिसल्यावर मांजर पाठ काढतं तशी. निखारे दोन्ही बाजूंना घसरलेले आणि मध्ये उघडं लाल लोखंड. छोटे शेठ आले, त्यांनी फोन काढला आणि परत तो व्हिडिओ लावला.

भट्टी त्या वर्षी जादा एकदा विझवली, जुनी जाळी परत गेली, गज परत आला. मामा तो डाव्या हातानं चालवायला शिकत होते आणि दर ठोक्याला दात आवळत होते. शेठांनी, म्हणजे थोरल्यांनी, मला बोलावून सांगितलं की मामांकडं बघून येळवशीपर्यंत थांबतो. त्या दिवशी तुमची जाळी चालली तर चालली. नाही तर दुसऱ्या दिवशी यंत्रवाल्याला होकार.

आता शहाणा माणूस या वेळी काय करतो? चुकलं कुठं ते शोधतो. मी चाचांना फोन करून त्यांचं लोखंड कच्चं आहे असं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग मी पट्ट्या दुप्पट जाड करून ओतून मागवल्या आणि लांबी, अर्थातच, तीच ठेवली. सुई न शिरणारी.

येळवस म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं लातूर उठून शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, आणि मग ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील पोटाला तडा जाईपर्यंत खायची. त्या दिवशी शहरात चोर आला तरी त्याला लाज वाटते, कारण विचारपूस करायलाही कुणी नसतं. अशा दिवशी मी आणि मामा थंड भट्टीत गुडघे घालून बसलो होतो. मामांनी तीस वर्षांत येळवस चुकवली नव्हती. त्यांच्या भावाच्या शेतातून सकाळपासून चार फोन आले होते. मामांनी चौथ्याला सांगितलं की घोड्याला नाल मारून राहिलोय, येतो. तेव्हा मला कळलं की माझी संगत त्यांना लागली होती.

दुपारी मिलच्या दारात रिक्षा थांबली आणि मामी उतरल्या. एका हातात भज्जीचं पातेलं, दुसऱ्या हातात दावं बांधलेलं आंबिलीचं मडकं, पदराला उंड्यांचं गाठोडं. नवरा शेतात येत न्हाई तर शेत नवऱ्याकडं आणलं, म्हणाल्या. पातेलं त्यांनी राखेच्या खड्ड्याच्या कठड्यावर ठेवलं, तिथंच दोन खडे मांडून त्यांना कुंकू लावलं, आणि आम्हाला हात धुवायला सांगितलं.

मी म्हटलं, मामी, आधी काम बघा. आणि खिशातली सुई काढली. पहिली पट्टी नुकतीच बसवली होती. तिच्या टोकाशी सुई लावून दाखवली. वडिलांचं सांगितलं, देवणीच्या गाड्यांचं सांगितलं, म्हशींचंही सांगितलं. मामींनी सगळं ऐकलं आणि मडक्याचं दावं सोडत विचारलं,

"भाऊ, तुमचे वडील धाव तापवूनच कामून चढवायचे?"

"तापल्यावर लोखंड वाढतं मामी. म्हणून मोठी होते. निवली की आवळते."

"हाव. मग ह्या भट्टीत त्याला थंडी वाजून राहती का?"

मी सुई परत खिशात घातली. मामा दुसरीकडं बघत होते, पण त्यांचे खांदे, दुखरा धरून दोन्ही, हलायला लागले होते. मामींनी मडकं माझ्यापुढं कलतं केलं. आंबील काठापासून चार बोटं खाली होती आणि वर काठापर्यंत फेसाच्या खुणा होत्या. भरताना जागा सोडली म्हणून मडकं शाबूत हाय, म्हणाल्या. काठोकाठ भरली असती तर आता रिक्षावाला चाटून राहिला असता.

आमच्या घराण्यानं तीन पिढ्या तापलेल्या लोखंडाच्या वाढीवर भाकरी खाल्ली. वडिलांनी लोखंड वाढवून चढवलं, निववून आवळलं. त्यांच्या कामाचा शेवट पाण्यानं व्हायचा, माझ्या कामाची सुरुवात आगीनं होणार होती. त्यांचा आवळपणा मी घेतला आणि तो येतो कुठून हे मात्र सुईबरोबर आईच्या डब्यात ठेवून दिलं. चाचांनी हेच सांगितलं होतं. त्यांचं लोखंड मी कच्चं ठरवलं होतं. कच्चं काय होतं ते सांगायची गरज नाही.

जेवलो. इतकं जेवलो की वाकता येईना. मग मी ग्राइंडर लावला आणि एकेका पट्टीचं टोक बोटभर छाटलं. ठिणग्या पातेल्याकडं जायला लागल्या तशा मामी पदर आडवा धरून बसल्या. छाटलेली पट्टी चौकटीत ठेवली की खुळखुळायची. कानाला इतकं वाईट लागत होतं की वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. शेवटी दांड्याची पिन घातली, हात पुसले, आणि गल्लीतल्या चार कुत्र्यांसमोर चाचांना फोन करून माफी मागितली. चाचा म्हणाले, आंबील भेजो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. तास झाला, दोन झाले. टण्ण नाही, फुगवटा नाही. खुळखुळणाऱ्या पट्ट्या तापून अशा बेतशीर बसल्या की जणू मापच तापल्यावर घेतलं होतं. मामांनी डाव्या हातानं दांडा जरा ओढला, जरा ढकलला. खाली राखेच्या खड्ड्यात फुटाणे पडावेत तसं खंगर पडलं. परत तासानं, परत फुटाणे. आग जाळीभर सारखी, पांढरट पिवळी. संध्याकाळी मुकादमानं तूर हातावर चोळून बघितली आणि टरफल फुंकरीनं उडालं.

थोरले शेठ खूश झाले. छोटे शेठही खरोखर खूश झाले, आणि तिथंच घोटाळा झाला. त्यांनी मामांना दिवसभर दांडा हलवताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले की इतकं सोपं असेल तर यंत्राची गरजच नाही. हे तर कुणीही करेल. गेटवरच्या माणसालाही जमेल. मग मामांनी कशाला धग सोसायची? मामा गेटवर, गेटवाला इकडं.

मी जाळी इतकी चांगली केली होती की मामांची नोकरी गेली.

मामा हसले. दांड्यापासून बाजूला झाले, उपरण्यानं तो पुसला, आणि म्हणाले, "हाव साहेब. एकदा तुम्हीच हलवून बघा की."

छोटे शेठ व्यायाम करणारे. बाही वर केली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि असा ओढला की गावाच्या विहिरीचा रहाट असावा. पट्ट्या डुलल्या नाहीत, पार उलट्याच झाल्या. आतली सगळी आग, सकाळपासून जमवलेली, एका दमात धबाक्कन राखेच्या खड्ड्यात. भट्टीचं दार उघडून बघितलं तर आत दिवाळीच्या पाडव्यासारखं स्वच्छ. पंखा फिरतोय आणि डाळीवर गार वारा चाललाय. समोरचा चहावाला पाटी घेऊन आला, बोलवावं लागलं नाही.

परत आग धरायला दुपार उजाडली. तोवर छोट्या शेठांनी स्वतःच जाहीर केलं होतं की हे काम हाताला सवय असल्याशिवाय होणार नाही. थोरले शेठ म्हणाले, मामा म्हणतील तोवर मामाच. गेटवरच्या माणसानं तर हात जोडले.

मला मात्र झोप येईना. दांडा इतका जाणार कसा? पिन होती. मी घातली होती, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर पिनेचं भोक रिकामं. मी नवी करून बसवली.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मामा जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये येऊन बसले. चंची सोडली, आता उजव्या हातानं. पानाच्या कप्प्यातून अडकित्ता काढला आणि त्याच्याबरोबर अंगठ्याएवढी, माझ्याच लेथवर कातलेली, लोखंडी पिन मांडीवर पडली.

मी पिनेकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं.

"हे व्हय?" म्हणाले, "येळवशीला शेतात सापडलं."

येळवशीला आम्ही तिघंही भट्टीपुढं बसून जेवलो होतो. शेतात कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. मी इतकी वर्षं थापा रचायला उगाच म्हशी आणि एसट्या खर्ची घालतो; या माणसानं तीन शब्दांत काम केलं, आणि वर सुपारीचं खांडही पुढं केलं.

मी सुपारी घेतली आणि विचारलं, कुणाचं शेत?